हात न लावणारी बाई

गरम सूप बाबांच्या छातीवर सांडलं, आणि ती बाई नुसती बघत बसली!

थोरली दारातच थबकली. दोरीवरून काढून आणलेल्या चादरी हातातच राहिल्या. खिडकीजवळच्या टेबलाशी बाबा बसले होते, त्यांच्या सदऱ्यावरून लाल ओघळ सावकाश खाली उतरत होता, हातातला चमचा वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता... आणि त्यांच्यासमोर, अवघ्या दीड हातावर, ती बाई आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून शिक्षा झालेल्या शाळकरी मुलीसारखी बसली होती. उठायची घाई नाही, पुसायला फडकं नाही, तोंडातून साधं ‘अरेरे’ नाही!

“आणखी एकदा, मास्तर,” ती शांतपणे म्हणत होती. “गाडी जरा हलली, एवढंच. आणखी एकदा.”

थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. चादरी पलंगावर टाकून ती धावली, बाईला खांद्यानं बाजूला सारून बाबांपुढे गुडघ्यांवर बसली आणि टॉवेलनं त्यांची छाती पुसू लागली.

“माणूस आहात की दगड? भाजलं असतं म्हणजे? सोडा बाबा, तो चमचा सोडा. मी भरवते.”

तिनं चमचा ओढला. चमचा सुटेना. बाबांचा डावा हात टेबलाखालून वर आला होता आणि त्यानं तिचं मनगट धरलं होतं. घट्ट. कापड कापताना कात्री धरावी तसं.

“नको,” बाबा म्हणाले.

आजारानंतर त्यांचे शब्द तुकड्यातुकड्यांनी येत, अर्धे ओठांवरच अडत. हा शब्द मात्र अख्खा आला, स्वच्छ आला... आणि थोरलीच्या काळजात जाऊन रुतला. सात वर्षांत तिच्या हाताला ‘नको’ म्हणणारं या घरात कुणी नव्हतं!

ती उठली. चादरी उचलल्या, स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या घड्या घातल्या, एकेक कोपरा जुळवून. मग तिनं धाकट्या भावाला फोन लावला.

“ती बाई तरी या घरात राहील, नाहीतर मी. काय ते तू ठरव.”

“अगं ताई, झालं काय पण?”

“रविवारी ये. आल्यावर सांगते.”

बाबांनी पन्नास वर्षं शिवणकाम केलं होतं. सगळं गाव त्यांना ‘मास्तर’ म्हणे. खांद्याला नुसता हात लावून माप सांगणारे, एका कापडात दोन सदरे बसवणारे मास्तर! एका सकाळी दुकानाचं कुलूप उघडताना ते पायरीवर कोसळले, आणि उजवं अंग गेलं; डाव्या हाताला तर घास उचलायचीही सवय नव्हती. आई आधीच गेलेली, धाकटा लग्न होऊन दूरच्या शहरात स्थायिक झालेला. उरली थोरली. ती पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायची. शहराच्या पोटातला कोणता नळ कुठून वळतो, कुठे फुटतो, कुठे संपतो, हे तिला डोळे मिटून सांगता येई. लग्नाचं राहूनच गेलं होतं, त्याची तिला खंत नव्हती. नकाशांवर तिचा जीव होता.

पहिली तीन वर्षं तिनं रजा, अर्धे दिवस आणि शेजारच्या काकूंच्या भरवशावर ढकलली. मग राजीनामा दिला आणि बाबांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. घास आधी स्वतःच्या ओठांना लावून बघायचा, मग भरवायचा. मोजे ती चढवणार, केस ती विंचरणार, नाकावर माशी बसली तर ती हाकलणार. बाबा शांतपणे सगळं करवून घेत. भेटायला येणारे म्हणत, “लेक असावी तर अशी!” आणि ती मान खाली घालून उशीचा अभ्रा नीट करी.

दीड महिन्यापूर्वी तिची कंबर धरली. बाबांना उचलून बसवताना अशी कळ आली की तीच त्यांच्या पायांशी बसली. डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलायला बंदी केली. धाकटा धावत आला, आणि वृद्धांना सोबत देणाऱ्या एका संस्थेतून ही बाई घेऊन आला. दणकट, पंचावन्नच्या आसपासची, खर्जातल्या आवाजाची. सत्तावीस वर्षं तिनं बसमध्ये कंडक्टरकी केली होती. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून संस्थेत जाऊन सोबतीचं काम शिकली. घरात तिला सगळे कंडक्टरबाईच म्हणू लागले.

तिची कामाची रीतच जगावेगळी. आंघोळीला, उठाबशीला ती मजबूत आधार देई, पण बाबांना जे जरा तरी जमण्यासारखं असेल, त्याला ती बोट लावत नसे. पायमोजा चढवायला अकरा मिनिटं लागली, तर अकरा मिनिटं हात मांड्यांखाली घालून बसून राही. थोरलीनं घड्याळ लावून पाहिलं होतं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या पॅसेजचा तिनं बसमार्ग करून टाकला होता.

“चला, मास्तर, पुढे सरका! कपाट थांबा... आरसा थांबा... आरशाशी कोणी रेंगाळायचं नाही, देखणे प्रवासी असले तरी!”

आणि बाबा हसत! हसले की त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं जाई. त्याचा संकोच वाटून ते सात वर्षं हसले नव्हते, निदान थोरलीची तशी समजूत होती. आता भिंतीपलीकडून ते हसणं ऐकू आलं की तिला आनंद व्हायला हवा होता, आणि होत नव्हता. त्या न होण्याची तिला लाज वाटे, आणि लाजेचाही पुन्हा रागच होई.

शनिवारी सकाळी बाबा दाढी करून घेत होते. न्हावी घरी येई. कंडक्टरबाई ओट्याशी कप विसळत होती. थोरलीला राहवेना.

“बाई, तुम्हाला माया म्हणून काही आहे का हो? एक म्हातारा माणूस तुमच्यासमोर धडपडतो, सांडतो, आणि तुम्ही हात दाबून बसता!”

कंडक्टरबाईनं नळ बंद केला.

“ताई, हात दाबावे लागतात, कारण ते धावतात. माझ्या नवऱ्याचं मी सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं. पाच वर्षं. शेवटी शेवटी तो पाण्याकडे बघायचा आणि माझ्याकडे बघायचा. तांब्या हाताशी असायचा. पण उचलायचा असतो, हेच तो विसरून गेला होता.” तिनं कप पालथा घातला. “लोक म्हणाले, काय सेवा केली! मी म्हटलं, हो, केली खरी.”

थोरलीनं तो पालथा कप उचलून पुन्हा विसळला. तिचा निश्चय अधिकच कडक झाला.

रविवारी दुपारी धाकटा आला. हातात फळांची पिशवी, चेहऱ्यावर दोन मांजरांच्या भांडणात सापडलेल्या माणसाचा भाव. टेबलावर चार वाडगे मांडले होते, पाव कापून ठेवला होता. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत. कंडक्टरबाई त्यांच्या शेजारी, सवयीनं हात मांड्यांखाली.

थोरली बसली नाही. उभ्यानंच तिनं एकेक गोष्ट सांगितली. तारीखवार, वेळेसकट, जसा फुटलेल्या नळाचा अहवाल ती पूर्वी लिहीत असे तसा. मोज्याची अकरा मिनिटं. पॅसेजमध्ये दोनदा तोल गेला, तो. गुरुवारचं सूप. आवाज कुठे चढला नाही.

“मी सात वर्षं या माणसाच्या अंगावर ओरखडा उमटू दिला नाही. आणि ही... ही त्यांना भाजेपर्यंत बघत बसते! आणि बाबा मलाच ‘नको’ म्हणतात! ठीक आहे. माझी गरज संपली असेल तर तसं सांगा. मी काकूंच्या वरची खोली बघून ठेवली आहे.”

“ताई!” धाकटा कळवळला. त्यानं कंडक्टरबाईकडे पाहिलं. “तुम्हाला काही सांगायचंय?”

“सूप सांडलं, ते खरं. फार गरम नव्हतं, ते मी आधी पाहिलं होतं. बाकी ताईंनी सांगितलं ते मिनिटासकट बरोबर आहे.”

“मग... मला वाटतं... ताईच या घराचा आधार आहे. ती म्हणेल तसं.”

“बरं,” कंडक्टरबाई म्हणाली. तिनं मांड्यांखालचे हात काढले, बाबांच्या खांद्यावर एकदा ठेवले. “येते, मास्तर. उजव्या हाताचा सराव सोडू नका.” आणि आपली पिशवी आणायला ती आतल्या खोलीत गेली.

तेवढ्यात टेबलावर थाप पडली. वाडगे खणखणले.

बाबांनी डाव्या हातात चमचा घेतला होता. तो त्यांनी वाडग्यात बुडवला, कडेला हलकेच टेकवून खालचा थेंब निथळला, तोंडाशी नेला, रिकामा केला. पुन्हा बुडवला. मग चमचा ठेवून त्याच हातानं पावाचा तुकडा मोडला, वाडग्याच्या कडेनं फिरवला आणि तोंडात टाकला. सदऱ्यावर थेंब नाही. टेबलावर कण नाही.

धाकट्याचा चेहरा उजळला. “अरे वा, बाबा! सहा आठवड्यांत एवढं?”

थोरली मात्र पांढरीफटक पडली होती. आयुष्यभर तिनं हातांची कामं पाहिली होती. वडिलांचे हात, स्वतःचे, ऑफिसातल्या नवशिक्यांचे. नवा हात आधी विचार करतो, मग हलतो. हा हात विचार करत नव्हता. थेंब निथळायची ती लकब, पाव फिरवायची ती सफाई... हे सहा आठवड्यांचं काम नव्हतं. आणि गुरुवारी सांडला होता तो चमचा उजव्या हातात होता! रागाच्या भरात तिनं हात कोणता, तेच पाहिलं नव्हतं.

“बाबा,” ती म्हणाली. “केव्हापासून?”

बाबांनी खिडकीकडे पाहिलं.

“केव्हापासून, बाबा?”

“चार... चार...”

“चार आठवडे? चार महि...”

“ताई, थांबा.” कंडक्टरबाई पिशवी घेऊन दारात उभी होती. “त्यांचं वाक्य त्यांना संपवू द्या.”

बाबांच्या गळ्याची शीर ताणली.

“चार... वर्षं.”

पुढचं सांगायला त्यांना वीसेक मिनिटं लागली. शब्द अडले, पुन्हा आले, दोनदा त्यांनी टेबलावर बोटानं काहीतरी काढून दाखवलं. एवढा वेळ त्यांना कुणीच मध्ये तोडलं नाही. त्यांनी सांगितलं, ते असं:

चार वर्षांपूर्वी, थोरली ऑफिसला गेली की, ते काकूंच्या नकळत डाव्या हातानं खायला शिकत होते. आधी बिस्किटं, मग संत्री, मग चमचा. महिनाभर. एका गुरुवारी त्यांना ते साधलं. ठरवलं की संध्याकाळी लेक घरी आली की तिच्यासमोर जेवून दाखवायचं आणि म्हणायचं, बाई गं, आता माझी चिंता सोड, पूर्ण वेळ कामावर जा. चमचा हातात घेऊनच ते वाट बघत बसले होते. दार उघडलं. थोरली आत आली, हातात केकचा खोका, डोळे सुजलेले, ओठांवर हसू. म्हणाली, “बाबा, आज राजीनामा दिला. आता मी कायमची तुमच्याजवळ!”

बाबांनी चमचा उशीखाली सरकवला.

“मी म्हटलं...” बाबांचा आवाज चिरफाळला. “आता... जमतं म्हटलं... तर हिनं... कशासाठी... सोडलं सगळं? फुकट... जाईल... हिचं.”

म्हणून त्या माणसानं चार वर्षं तोंड उघडून घास घेतला! लेकीचा त्याग वाया जाऊ नये म्हणून महिनाभर खपून शिकवलेला डावा हात त्यानं मांडीवर लुळा टाकून ठेवला. ती आंघोळीला गेली की तेवढी पंधरा मिनिटं तो स्वतःचा होई. लपवलेलं संत्रं सोलून खाई. पावलं वाजली की हात पुन्हा लुळा.

थोरलीनं टेबलाची कड धरली. तिला रडू फुटायला हवं होतं. फुटलं ते निराळंच.

“खोटारडे!” ती ओरडली. “चार वर्षं! दिवसातून तीनदा! एकेक घास ओठांना लावून बघत होते मी, आणि तुम्ही... तुम्ही चोरून संत्री खात होता! मला नव्हतं सोडायचं ऑफिस! ऐकताय? मला नव्हतं सोडायचं! सहीचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि जिन्यात बसून रडले मी! म्हटलं, बाबांना माझ्याशिवाय घास जात नाही, आता कसलं ऑफिस! एक शब्द, बाबा! एक शब्द बोलला असता, तर दुसऱ्या दिवशी जाऊन तो कागद परत आणला असता मी!”

“माहीत... नव्हतं.”

“विचारलंत? कधी विचारलंत? नेहमीचंच हे तुमचं! समोरच्याचं माप त्याला न विचारता घ्यायचं, आणि वर म्हणायचं, मला कळतं!”

“ताई, शांत हो,” धाकटा घाबरून म्हणाला. “बाबांना त्रास होईल.”

“होऊ द्या थोडा,” कंडक्टरबाई म्हणाली.

आणि बाबांकडे पाहून धाकटा बोलायचा थांबला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि वाकडं तोंड भरून ते हसत होते.

“भांड,” ते म्हणाले. “भांड... अजून.”

“काय?”

“सात... वर्षं... कुणी भांडलं... नाही... माझ्याशी.”

एके काळी या बापलेकींची भांडणं गल्लीत गाजलेली होती. ते इंचांत मोजणारे, ती मिलिमीटरांत. खिडकीच्या पडद्याच्या लांबीवरून त्यांनी एकदा अख्खा रविवार वाद घातला होता, आणि आईनं शेवटी पडद्याशिवायच खिडकी ठेवली होती. आजारानंतर थोरलीनं त्यांना एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. दुबळ्या माणसाला कसं दुखवायचं, म्हणून.

“आजारी माणसाशी कुठे भांडतात?” ती म्हणाली. आवाज मऊ पडत चालला होता, तो तिला आवरेना.

“मी... आजारी नाही. मी... अर्धा आहे.” बाबांनी श्वास घेतला. “अर्धाही... तुला... पुरून उरेन.”

आता मात्र तिला रडू फुटलं. तिथेच जमिनीवर बसून तिनं त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं, आणि चार वर्षं मांडीवर निजवून ठेवलेला तो डावा हात उठून तिच्या केसांवर आला. उलट्या दिशेनं फिरत राहिला, तिचे विंचरलेले केस पार विसकटून टाकत. त्या हाताला केसांवरून फिरायची सवय नव्हती. ते काम पूर्वी उजवा करत असे.

बऱ्याच वेळानं तिनं डोकं वर केलं. “तुम्हाला ठाऊक होतं?” तिनं कंडक्टरबाईला विचारलं.

“दुसऱ्याच दिवशी कळलं. गादी झटकताना संत्र्याची सालं निघाली.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“सत्तावीस वर्षं गाडीवर काढली, ताई. झोपेचं सोंग घेतलेल्या प्रवाशाला हलवून उपयोग नसतो. त्याचा थांबा आला की तो आपोआप उठतो.” तिनं पिशवी खांद्याला लावली. “डाव्याचं काम माझं नाही, ते त्यांनीच केलंय. मी फक्त उजव्याच्या मागे लागले होते. बरं, निघते मी. पाचची गाडी चुकेल.”

थोरली उठली. दारापाशी गेली आणि बाईच्या खांद्यावरून पिशवी काढून खाली ठेवली.

“चुकू द्या. बसा. सूप गार होतंय.” तिनं नाक पुसलं. “उद्यापासून दहा ते पाच तुम्ही बघा. मी घरात नसेन.”

“कुठे जाणार आहेस?” धाकट्यानं विचारलं.

“अजून ठरवलं नाही. आधी खात्यात जाऊन बघते, माझ्या नकाशांची काय वाट लावून ठेवलीय ती. काम नाही दिलं तर नाही दिलं. मग बाजारात हिंडेन. बाकावर बसेन.”

चौघंही टेबलाशी बसली. थोरलीनं पहिल्यांदाच खुर्ची बाबांच्या शेजारी न ठेवता समोर ठेवली. तिचे हात दोनदा त्यांच्या वाडग्याकडे गेले आणि दोनदा ती ते मागे घेऊन बसली. कंडक्टरबाईनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून पाव मोडला.

“उशीर...” बाबा म्हणाले.

सगळे थांबले.

“उशीर... करू नकोस. उद्या.”

“करीन! मला वाटेल तेवढा उशीर करीन! अठ्ठेचाळीस वर्षांची आहे मी!”

बाबांनी चमचा खाली ठेवला. भुवया जवळ आणल्या. उत्तर येत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं, पण ते फार लांबून येत होतं. धाकटा पुढे झुकला. कंडक्टरबाईनं चावायचं थांबवलं. थोरली टेबलापलीकडून त्यांच्या ओठांकडे बघत राहिली, आणि मध्ये एक अक्षर बोलली नाही.

“मग... मी...” ते म्हणाले, “वाट... बघणार नाही. जेवून... घेईन!”

“घ्या!” थोरली म्हणाली. “खुशाल घ्या!”

आणि तिनं आपल्या वाडग्यात चमचा बुडवला.